पान त्रेचाळीस

दर दुसऱ्या गुरुवारी टेनो नदीच्या कडेकडेनं
मी पुस्तकांची बस घेऊन जाते.
जूनमध्ये इथं सूर्य मावळायचं नाव घेत नाही,
त्यामुळे "दिवा घालव आणि झोप" हे वाक्य
इथल्या आयांना उन्हाळाभर वापरता येत नाही.
मुलं रात्री बारालाही वाचत असतात,
निदान मला तसं सांगतात.

सुट्टी लागताना शाळेनं प्रत्येकाला एक कार्ड दिलंय:
आठ चौकोन, आठ पुस्तकं, आठ शिक्के.
योव्ना बारक्यातलं बारकं पुस्तक हुडकतो,
मासळी दाबून बघावी तसं प्रत्येक पुस्तक दाबून.
आन्नेनं चित्रांचीच सात उरकली,
आणि आठव्याला मी जरा थबकले
तर माझ्याकडे असं पाहिलं,
जशी चोरी मीच करतेय.

नीलास तिसरीतून चौथीत चाललेला.
लांब शब्द आला की तो थांबतो,
ओढ्याशी रेनडियरचं पाडस थांबतं तसा,
पुढचे पाय पाण्यात, मागचे काठावर.
त्यानं उचललं ते जाडजूड, शिवण उसवलेलं,
एका दीपगृहाच्या गोष्टीचं.
"मोठं आहे रे," मी म्हटलं.
"मग सारखं बदलावं लागणार नाही," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी आला. पुस्तक काखेत.
आणखी पंधरा दिवसांनी. काखेतच.
"त्रेचाळीस पानावर डास आहे."
होता खरा. चपटा, पंख पसरलेला,
पोटाखाली रक्ताचा तपकिरी ठिपका,
नेमका 'दिवा विझला' या शब्दांना खेटून.
डासाचं मला काय नवल,
आमची निम्मी पुस्तकं त्यांनीच चाळलेली.
पण नीलासनं शेवटचं पान उघडलं.
तिथं कागदी खिशात जुनं कार्ड,
पेन्सिलीनं लिहिलेली नावं,
सगळ्यात खाली: ओउला, इयत्ता तिसरी.

"हे बाबांचं रक्त आहे," तो म्हणाला.
जरा अभिमानानंच.

ओउलाला मी ओळखते.
बस आली की तो होड्यांच्या छपरामागे जातो,
तिथं त्याचं काहीतरी महत्त्वाचं काम निघतं.
पोरानं त्याला विचारलंच, पुढं काय झालं?
जाळ्याची गाठ न सोडता तो म्हणाला,
"माहीत नाही. त्या दिवशी सामन वर आले.
मी होडीकडे पळालो."

तीस वर्षं.
तीस वर्षं त्या माणसाच्या डोक्यात
एक जहाज खडकांकडे निघालेलं,
आणि दिवा विझलेला.

तेव्हापासून रोज रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री,
नीलास मोठ्यानं वाचतो, बाप जाळं दुरुस्त करतो.
कधी एक पान, कधी अर्धं.
लांब शब्द आला की दोघंही काठावर थांबतात.
मग कुणीतरी आधी पाय टाकतो.

ऑगस्टमधली माझी शेवटची फेरी.
आता सूर्य मावळायला लागला होता,
बसमधले दिवे लावावे लागले.
आन्नेनं दुसरं कार्डही भरून आणलेलं.
नीलासच्या कार्डावर सात चौकोन कोरे.
त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विचारलं,
"एकच पुस्तक दोघांनी वाचलं
तर शिक्के किती?"

मी नियमांचा कागद काढला. दोन्ही बाजूंनी पाहिला.
वाचनालयाच्या मालमत्तेवरील डाग
पुसून घ्यावेत, एवढं मात्र त्यात होतं.
मी दोन शिक्के मारले.
डास राहू दिला.

निघताना आरशात पाहिलं
तर ओउला बसच्या मागच्या चाकाशी उभा.
टायरला बुटानं हलकेच ठोकत म्हणाला,
"हवा कमी वाटते."
हवा बरोबर होती, सकाळीच भरलेली.
"बघते हं," मी म्हटलं,
इंजिन बंद केलं,
आणि खाली उतरताना
बसचं दार उघडंच ठेवलं.