माणशी

आकड्यानं झाकण उचलायचं,
खाली काळी कोळीण बसलीय का बघायचं,
मग आतला आकडा टिपायचा.
एकोणीस वर्षं एवढंच माझं काम.

फिनिक्सच्या पश्चिमेला, कालव्याच्या पलीकडे
आधी नुसती काटेरी झुडपं, मग कापूस,
मग बिल्डरनं नाव दिलं लेक मिराडा.
तळं नकाशातच राहिलं.
पहिल्या वर्षी एकशे बारा घरं, सगळी बदामी.
सग्वारोंना नंबर ठोकून ट्रकमधून आणलं,
टेकू लावून मापाच्या अंतरावर उभं केलं.
दारोदारी तीनचाकी सायकली.
चाकं फिरायची, आकडेही.

मग बँकांनी घरं घेतली.
त्या उन्हाळ्यात बावन्न मीटर जागच्या जागी थिजले.
हौदांत पाणी हिरवं, मग डास, मग भेगा.
कुणी जाताना मोरीचे नळसुद्धा काढून नेलेले.
चौरस मैलाला माणसं किती
हे मला तेव्हा कुत्र्यांच्या भुंकण्यावरनं कळायचं,
आणि कुत्रीही कमी होत होती.

आता घरं भरलीत म्हणतात.

सतरा नंबरात हाल्वरसन, एकटा.
बायको गेली आणि त्याचं पाणी
निम्म्यावर नाही, पाव हिश्श्यावर आलं.
फुलझाडं तिची होती.
अठरात, मध्ये फक्त एक कुंपण, किन्योनेसांचे नऊ जण.
गॅरेजमध्ये तीन पलंग, दारात पाच गाड्या,
पहाटे चारपासून आंघोळीच्या पाळ्या.
एकोणिसात कुणीच नाही.
मालक म्हणजे कुठल्यातरी लांबच्या राज्यातली कंपनी,
तिचं गवत मात्र रोज पाचाच्या ठोक्याला पाणी पितं.

तिघांची सरासरी घरटी तीन पूर्णांक एकतृतीयांश.
तेवढं माणूस राहत असलेलं घर
मला अजून सापडायचंय.

जनगणनेची बाई आली,
गळ्यातलं ओळखपत्र घामानं चिकटलेलं.
अठराचं दार किलकिलं करून
ओफेलियानं चार बोटं दाखवली.
बाई माझ्याकडे वळली:
तुम्ही तर दर महिन्याला येता, किती असतील हो आत?
एकशे चौदा अंशांचं ऊन. रस्ता मऊ झालेला.
मी म्हटलं, बाई, मी पाणी मोजतो.
माणसं तुमच्या खात्यात.

ऑक्टोबरपासून मीटर आपले आपण बोलणार.
गाडी गल्लीतून फिरवली की झालं,
झाकण उघडायला नको, वाकायला नको.
गुडघे खूश आहेत.

या महिन्यात सतराचा आकडा एकदम चढला.
ऑफिसातली पोरगी फोनवर: गळती असेल, बघून या.
गेलो. हाल्वरसन खुर्ची टाकून कुंपणाशी बसलेला,
त्याची नळी कुंपणावरून पलीकडे गेलेली,
पलीकडे प्लॅस्टिकच्या टबात चार पोरं
एकमेकांच्या अंगावर, जागाच नाही,
आणि पाचवं कपडे काढत उभं.
मला पाहून म्हाताऱ्यानं टोपी जराशी उचलली.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
तपासलं. गळती नाही.
नळी चालू.