दर लाखी

जयगडची पहिली फेरीबोट सुटली की माझं काम सुरू.
चाळीस देशांचे तुरुंग एका तक्त्यात बसवायचे.

बसत नाहीत.
एकीकडे सायकल चोरली तर गुन्हा,
दुसरीकडे नुसती तक्रार.
कुणी कच्चे कैदी धरतो, कुणी बाहेर ठेवतो.
एकाने तर सहा वर्षांपूर्वीचा आकडा पाठवलाय,
शिळ्या बांगड्याला नवा मसाला.

धक्क्यावर हौसा पावशेचा वाटा
आणि तिच्या जावेचा वाटा सारखा नसतो,
पण ते गिऱ्हाईकाला दिसतं तरी.
मी ‘दर लाखी’ लिहितो
आणि सगळे वाटे सारखे होतात.

दुपारी मेहरून सोलकर येते.
तिचा अस्लम टँकरवर खलाशी.
डिझेलच्या कसल्याशा भानगडीत
आखातापलीकडच्या बंदरात आत आहे, तीन वर्षं.
“बघ ना, आमचा हाय काय यात?”

मी सतरावा रकाना उघडतो.
खाली बारीक अक्षरात: परदेशी नागरिक वगळून.
आपल्याकडच्या कैद्यांत तर तो नाहीच.
रेशनवरही नाही,
अंगठा लागत नाही म्हणून
शिमग्याच्या आधी नाव कापलं.

तिला म्हणतो, आकडे अजून यायचेत.
खोटं नाही हे. ते नेहमीच यायचे असतात.

ती पिशवीतून सोडे काढते,
वर्तमानपत्रात बांधलेले, दोऱ्याच्या दोन गाठी.
“कागद धाडशील, त्यांच्यासंगती जातील काय?”

पुडी टेबलावरच आहे.
रात्री तक्ता पुन्हा तपासतो:
बोटांना, कागदाला,
फिनलंडलासुद्धा
सोड्यांचा वास.