दोनशे बारा नंबर

आत ये, मायदा. दार ओढून घे.
बोरा सुटलाय. वारा कसला, झडतीच ती.
कार्सोच्या कड्यावरून उतरतो, सान जाकोमोच्या गल्लीत शिरतो
आणि दोरीवरच्या चादरी थेट बंदराकडे पळवतो.
आज बाहेर काही वाळत घालायचं नाही.

पहिल्या दिवशी साबणाला हात लावू नकोस.
नुसती कापडं चुरगाळून बघ, डोळे मिटून.
हे सुती. सोशिक. उकळव, धोपट, पीळ,
चार दिवसांनी पुन्हा हसत दारात.
हे लिनन, जवसाच्या काडीचं, म्हणून ताठा.
ओलसर आहे तोवर इस्त्री फिरव;
एकदा वाळून रुसलं
की चुणी मोडता मोडत नाही.
नायलॉनचं काय सांगू?
माझी सिगारेट संपायच्या आत कोरडं.
त्याला ना भिजणं ठाऊक, ना वाळणं.

लोकरीचं मात्र कान देऊन ऐक.
लोकरीला पाणी बाधत नाही.
मेंढी काय छत्री घेऊन चरते?
बाधतो तो धसमुसळेपणा.
तान्ह्याला चालेल इतपत कोमट पाणी,
बुडवायचं, दाबायचं, सोडायचं.
पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून
टेबलावर आडवं निजवायचं.
टांगलंस, तर बाह्या गुडघ्यापर्यंत आल्याच म्हणून समज.

गेल्या हिवाळ्यात लिव्हिओ श्टोका आला,
थोरल्या भावाचा निळा स्वेटर घेऊन.
भाऊ इस्पितळात. घरी येईल तेव्हा स्वच्छ असावा,
म्हणून यानं तो जीव लावून उकळला होता.
जीव लावून, हं.
काउंटरवर ठेवला: बाहुलीला होईल एवढा,
आणि पुठ्ठ्यासारखा घट्ट.
"सैल होईल का?"
म्हटलं, तंतूत तंतू अडकलेत, आता सुटायचे नाहीत.
तो तसाच उभा. टोपी हातात.
मग मी कात्री घेतली, बाह्या कापल्या,
कडेनं टाके घातले
आणि त्याच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या मापाचा करून दिला.
भाऊ घरी आला तर दारात कुत्री,
त्याचाच स्वेटर घालून.
इतका हसला म्हणे, की पोटावरचे टाके दुखले.

रक्ताला गार पाणी. नेहमी. कुणाचं, ते विचारायचं नाही.
गरम पाण्यात काही गोष्टी जन्माच्या बसतात.
तेरान सांडली तर आधी मीठ, मग ओरडा.
रेशमाला शेवटच्या पाण्यात व्हिनेगरचे दोन थेंब.
मखमल पालथी करून वाफ द्यायची,
तोंडावर इस्त्री ठेवायची नाही.
माणसांनाही हेच लागू, पण ते राहू दे.

आणि हा, कोपऱ्यातला, मातकट ओव्हरकोट.
दोनशे बारा नंबर.
अकरा वर्षं झाली, पावती घेऊन कुणी आलं नाही.
तयार होता पहिल्याच शनिवारी.
उजव्या खिशात ट्रामचं तिकीट होतं, ओपिचीनाचं,
जाण्याचं; येण्याचं नाही.
धुण्याआधी काढलं, वाळल्यावर परत ठेवलं.
दर एप्रिलला मागच्या अंगणात नेते,
लवेच्या उलट एकदा ब्रश, मग सुलट,
कॉलरखाली कसर बघते,
लॅव्हेंडरची पुरचुंडी बदलते.
खांद्याला हँगर रुतू नये म्हणून
एक वर्ष जाड, एक वर्ष बारीक.
तीन वर्षांमागे अस्तर उसवलं, शिवलं.
त्याचे पैसे पावतीत धरलेले नाहीत.

तू विचारशील, किती दिवस?
मलाही एकदा विचारायचं होतं, पण कुणाला?

उद्या मी नसले तर नंबर लक्षात ठेव.
हा धुवायचा नाही.
नुसता वारा द्यायचा.
बोरा नव्हे, साधा.
जा आता, इस्त्री तापली असेल.
आणि हात पूस आधी.