साडेचार, पाच, साडेपाच

फैजपूरच्या पत्र्याच्या खोलीत
सोल्डर आपणहून मऊ पडावं असा मे.
टेबलावर तांदळाच्या दाण्याएवढा गेट-ड्रायव्हर,
शेजारी लेझर डायोड,
डोळा मिटून बसलेला.

झोपे सर म्हणाले, बारा दे.
आम्ही जन्मभर बाराच दिले.
सर, हा सिलिकॉनचा नाही,
सहाच्या पुढे याचं गेट फुटतं, आवाजही न करता.
काल एक गेला. परवा दोन.
किंमत मी घरी सांगितलेली नाही.

साडेचारला चालतो, पण आळसावलेला:
उजेड नीट उठायच्या आत
समोरच्या भिंतीवरून परतलेलाही असतो.
साडेपाचला धार कशी, विळ्याची!
पण स्कोपवर शेंडा साडेसहाला शिवतो
आणि माझ्या पोटात गोळा.

मग प्रोबची ती वीतभर अर्थिंगची शेपटी काढली,
पेराएवढी स्प्रिंग लावली.
शेंडा खाली. पाऊण व्होल्ट
माझ्याच वायरीचा होता.
"म्हंजे भो, साक्षीदारच खोटा व्हता!"
सर हसले, चहा सांडेपर्यंत.

तरी साडेपाच नाही दिले.
मागच्या केळीत पंप सुरू झाला
की ट्यूब झुकते, मग उसळते;
त्या उसळीला जागा ठेवली.

पाच.
कळण्याच्या भाकरीत मीठ पडावं
तेवढाच वर एक दशांश.

बटण दाबलं. काहीच दिसलं नाही.
मोबाइलच्या कॅमेऱ्यात मात्र भिंतीवर
जांभळा ठिपका,
कॅलेंडरच्या गुरुवारावर.

चष्मा लाव आधी, सर म्हणाले.