बुधवारची पायबस

आमच्या बसला चाकं नाहीत.
बावीस पाय आहेत, रबरी बुटांतले,
त्यातले दोन हटकून उलटे घातलेले.
ड्रायव्हर मी, रात्रपाळीहून थेट आलेली,
अंगात भडक पिवळं जाकीट, डोळ्यांत अर्धी झोप.
शेवटी मिस्टर हॅलम, निवृत्त पोस्टमन,
या टेकडीवरची कुत्री त्यांना नावानिशी ठाऊक.

पहिला थांबा बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानापाशी,
आठ वीस.
शेफील्डमध्ये नोव्हेंबरात तेव्हा उजाडतं म्हणजे
रस्त्यावरचे दिवे जरा फिके पडतात, इतकंच.
इद्रिस टोस्ट तोंडात धरून धावत येतो.
मेझीच्या खिशात गोगलगाय.
असू दे. तिलाही चढ चढायचाय.

गेल्या वर्षी मीही केतकीला गाडीनंच सोडायचे.
काचेवरचं दव खरवडायला सहा मिनिटं,
रांगेत अकरा,
गाडी लावायला जागा... ते विचारूच नका.
फाटकासमोर गाड्या अशा उभ्या,
जशी पहिली पंगत उठायची वाट बघत
पाहुणे मंडळी पाटांमागे उभी असतात.
इंजिनं घुरघुरत. कुणी बंद करत नव्हतं.
मीही नाही.

मग पाचवीच्या मुलांनी दिव्याच्या खांबाला
करंगळीएवढी एक नळी बांधली.
"ती हवा चाखते, आई. महिनाभर."
महिन्यानं आकडा आला. त्यांनी तो
वर्गाच्या खिडकीवर चिकटवला, बाहेरून दिसेल असा.
भाषण नाही, चिठ्ठी नाही.
मी रात्रभर छातीचे एक्सरे काढते.
त्या आकड्याला मी
चेहऱ्यानं ओळखत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, दोघीच, पायी.
अंतर अकराशे पावलं.
केतकीनं मोजली, मध्ये एकदा चुकली,
परत घरापासून मोजायचा हट्ट धरला.

आता बसला सगळं माहीत आहे :
कुठल्या भिंतीत नेचा उगवतो,
कुठलं पाणी सगळ्यात आधी गोठतं.
मी एकदा सहज म्हणाले, "डबकं!"
तेव्हापासून यॉर्कशरी हेलात
अख्खी बस ओरडते, "डब्काऽ!"
आणि उडी मारते. सावध करायला शिकवलं होतं मी.

एका बुधवारी शेजारून एक जुनी निळी गाडी गेली.
मागच्या सीटवर किअरन, काचेला नाक लावून.
कुणीतरी ओरडलं, "धूर! धूर! घाणेरडी गाडी!"
मग सगळेच.
मी बस थांबवली. भर चढावर.
त्याच्या आईला पावणेनऊला
रॉदरहॅमच्या बेकरीत हजेरी लावायची असते.
हे मी त्यांना सांगितलं. मिस्टर हॅलमनी टोपी काढून
उगाच पुन्हा घातली.
इद्रिसचे कान लाल झाले होते,
थंडीनं नव्हे.

संध्याकाळी तिचं दार वाजवलं.
"थांब्यापाशी सोडा. तुमची रांगेतली अकरा मिनिटं वाचतील,
पुढचं आमच्यावर."
तिनं माझ्या जाकिटाकडे पाहिलं,
मग घड्याळाकडे.

किअरन आला. हात धरला नाही कुणाचा.
पहिला बुधवार गप्प. दुसरा गप्प.
तिसऱ्या बुधवारी, गोठलेल्या वळणाच्या अलीकडे,
कुणालाही दिसायच्या आत तो किंचाळला, "डब्काऽ!"

म्हणजे आता चोवीस पाय.
वरचा आकडा मी बदलणार नाही,
मोजायला बसले तेव्हा तो नव्हता.

नळी पुन्हा बांधली होती वसंतात.
आकडा उतरला, थोडासाच.
एका पायबसनं आभाळ धुतलं जात नाही,
मुलांना ते माझ्याआधी कळलं.
त्यांनी शेजारच्या गल्लीत
दुसरा थांबा खडूनं आखला.
पावसानं पुसला. पुन्हा आखला.

फाटकाशी मी सगळे मोजून आत सोडते.
घरी येऊन पडदे ओढते, बूट वाळायला पालथे ठेवते.
आणि डोळा लागला तरी
पाय अंथरुणात थोडा वेळ
चढ चढतच राहतात.