अर्धी मात्रा उशिरा

क्लीव्हलंडचा फेब्रुवारी.
रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत रेडिएटर बंद,
कारण ते फुसफुसतात
आणि मायक्रोफोन चहाडखोर असतात.
म्हणून आम्ही त्रेपन्न माणसं, अंगात कोट,
बोटं कापलेले हातमोजे,
वाजवतो आहोत एका मेलेल्या माणसाचा श्वास.

मी व्हायोला. तिसरी रांग, आतली खुर्ची.
व्हायोलाला कुणी दाद देत नाही.
छत पडेपर्यंत
भिंतीला तरी कोण देतं?

ओडेसा प्रुइटने सहा जुन्या धुना निवडल्या,
एकेकाळी पाच जण वाजवायचे त्या,
ईस्ट फिफ्टी-फिफ्थच्या एका तळघरात,
हॅटमध्ये पडतील तेवढ्या नाण्यांवर.
आता त्यात हार्प आहे, चार फ्रेंच हॉर्न,
आणि आम्ही.
"जाड करू नका," ती म्हणते, "रुंद करा.
फरक कळत नसेल त्याने घरी जावं."

तिसऱ्या धुनेत एक जागा आहे.
मूळ तबकडीवर थॅडिअस क्रोव्हेल
ट्रम्पेट घेऊन यायला हवा तिथे येत नाही.
अर्धी मात्रा निघून जाते.
सुई खरखरते.
मग तो येतो,
रात्री उशिरा घरी परतलेल्या पोरासारखा,
दार न वाजवता, भिंतीला धरून,
आणि घर तर जागंच असतं.

या अर्ध्या मात्रेवर लोकांनी प्रबंध लिहिलेत.
कुणाला तिच्यात दुःख सापडलं, कुणाला बंड.
ओडेसाने ती सरळ आमच्या कागदावर उतरवली:
बत्तीस तंतुवाद्यांनी मिळून उशिरा यायचं.

एकट्याने उशीर करणं सोपं.
बत्तीस जणांनी एकाच उशिरात शिरायचं म्हणजे...
सोळा वेळा चुकलो.
कुणाला धीर निघेना,
कुणी उगाच रेंगाळलं, भाव खात.
काचेमागून ओडेसा म्हणाली,
"तुम्ही उशीर मोजताय.
मोजून केलेला उशीर म्हणजे वेळेवर येणंच."

दुपारी रॉस्को टिब्ज आला.
वय एक्क्याण्णव. चाकाची खुर्ची, ढकलायला नातसून,
मांडीवर ब्रशांची जोडी,
वाजवायला नाही, सोबतीला.
त्या तळघरात ड्रमवर तोच होता.
पाचांतला उरलेला एक.
आम्ही वाजवलं. त्याने डोळे मिटले.
नेमका त्या जागेवर हसला.

"ते होय?" तो म्हणाला.
"अहो, थॅडच्या दाढेला गळू झालं होतं.
मध्येच थुंकायचा. कॉफीच्या डब्यात.
तो टण् आवाज ऐकू जाऊ नये
म्हणून मी तिथे झांज जरा मोठी ठेवली."

कुणी काही बोललं नाही.
हार्पवाली तारा पुसत राहिली, पुसून झाल्या तरी.
काचेमागे ओडेसाने पेन्सिल उचलली.
वाटलं, आता ती जागा खोडणार.
आमच्या कागदांना तिने हातही लावला नाही.
झांजेच्या ओळीवर फक्त एक खूण वाढवली:
किंचित मोठी.

लाल दिवा.
सतराव्यांदा त्या काठाशी आलो.
या वेळी मी मोजलं नाही.
जिभेने मागची दाढ चाचपली,
गेल्या हिवाळ्यापासून ठणकते ती,
जिचं मी कुणाला सांगितलेलं नाही,
आणि कळ ओसरेपर्यंत थांबले.
शेजारच्याने काय केलं, ठाऊक नाही.

झांज वाजली.
आम्ही सगळे आलो.