विझू दे

कुंभारी मागे पडलं आणि तो पेटला.
मीटरच्या डाव्या कोपऱ्यात, डाळिंबाच्या दाण्याएवढा,
तेलाच्या डब्याचं चित्र, चोचीला एक थेंब.

दुपारचे दोन. अक्कलकोट रोड.
मी किल्ली फिरवली, गिअर काढला,
उतरून ढकलायला लागलो.

मागावर ताण्याचा धागा तुटला
तर पत्र्याचा ड्रॉपर खाली पडतो, माग आपणहून थांबतो.
सतरा वर्षं जॉबर आहे, मला त्याचीच सवय.
गाडी थांबत नाही.
ती एक दिवा लावते आणि पळत राहते,
थांबायचं तुमच्यावर सोडून.

रसवंतीवाल्याने चरक थांबवून पाहिलं.
“बल्ब काढून टाक की बे,” म्हणाला,
“माझा तीन वर्षं बंद आहे. काय झालं?”
त्याची गाडी लिंबाखाली उभी होती.
तिच्याखाली काळा डाग, ताटाएवढा.

मैनोद्दीन नदाफने आधी पाणी दिलं.
मग म्हणाला, सरळ धर, तिरपी नको.
डिपस्टिक पुसली, बुडवली, वर काढली.
तेल दोन रेघांच्या मधे. काळं, पण आहे.
चिमटीत चोळलं, उन्हात बोटं धरली: चुरा नाही.
“तेल असणं वेगळं,
वर चढणं वेगळं.”

वायर सोडवली, स्विच काढला,
त्या भोकात गेज बसवलं. मार स्टार्टर.
सुई थरथरली, चढली, टिकली.
वायर हवेत लोंबत होती, कशालाच जोडलेली नाही,
आणि दिवा तसाच जळत होता.

तेव्हा तो पहिल्यांदा हसला.
इंजिन बंद करून टाकीखाली हात घातला,
नजर भलतीकडेच, रस्त्यावरच्या टेम्पोकडे,
बोटं मात्र वायरवरून सरकत सरकत
फ्रेमच्या कडेला थांबली.

साल घासून गेलेलं. तांबं उघडं, लोखंडाला टेकलेलं.
आणि तिथेच सुताची एक गाठ.

माझी होती.
दिवाळीत हॉर्न बसवताना टेप संपली,
म्हणून टॉवेलच्या सुताने बांधलं होतं.
जॉबरची गाठ, ती कशाला सुटेल?
आठ महिने तिने वायर धरून ठेवली
त्याच धारेवर.

“म्हणजे दिवा खोटं बोलत होता?”
“खोटं कशाला? चिमटा बसला, ओरडला.”
दाताने सूत तोडून त्याने माझ्या हातात दिलं,
वायरला नवी नळी चढवली.
पन्नास रुपये. ढकलण्याबद्दल काही बोलला नाही.

आता रात्रपाळीला निघताना किल्ली फिरवतो,
तो पेटतो. पेटलाच पाहिजे.
स्टार्टर मारतो आणि बघत राहतो,
याआधी कधी बघितलं नव्हतं.
नागमणी दारातून म्हणते, भोंगा झाला, निघा की.
थांब, म्हणतो मी,
विझू दे.